मेंढरामागचं घोडं आणि पाहुण्यांची रपेट

सांगोला, माळशिरस, मंगळवेढा या पट्ट्यात घोड्यांत वाढलेली पोरं हल्ली भेटली की एकच विचारतात: शहरातली माणसं घोड्यावर बसवून फिरवायचा धंदा आपल्याला जमेल का? जमेल. फक्त एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. आपल्याला घोडा येतो म्हणजे निम्मं काम झालं असं वाटतं. ते निम्मं नाही, चार आणेच आहे. उरलेला बारा आणे धंदा घोड्याच्या वर बसलेला असतो, आणि त्याला लगाम नसतो.

मी धनगराच्या वाड्यातला, म्हणजे मेंढरांमागं फिरणाऱ्या बिऱ्हाडातला. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन वाट धरायची, सगळं बिऱ्हाड घोड्यांच्या पाठीवर. वाघूर (मेंढरं कोंडायचं जाळं), भांडी, कोंबड्या, चालता न येणारी पोरं, सगळं त्यावरच. पुढं अकलूजकडं एका पागेत शिंगरं लगामाला लावायचं काम केलं, लग्नसराईत वरातीचा घोडा धरून उभा राहिलो, आणि आता हिवाळाभर भीमेच्या काठानं माचणूर, ब्रह्मपुरी, बेगमपूर या भागात रपेटी नेतो. त्यामुळं खाली जे सांगतोय ते आपल्याकडच्या घोड्यांवर आणि आपल्याकडच्या उन्हावर बेतलेलं आहे. माथेरान-महाबळेश्वरचं गणित वेगळं. तिथं पाहुणा आपणहून येऊन पडतो, इथं त्याला बोलवावं लागतं.

वाड्यातून काय बरोबर घ्यायचं

घोड्यावर बिऱ्हाड लादणाऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही: ओझं दोन्ही अंगांना सारखं पाहिजे. एका बाजूचा हंडा जड झाला की संध्याकाळी खोगीर काढल्यावर पाठ सोललेली दिसते. पाहुणा हेही ओझंच, फक्त हलणारं. तो एका कुल्ल्यावर कलून बसला की खोगीर सरकतं, आणि दोन तासांत पाठ लागते. म्हणून मागून बघत जा. पाहुण्याच्या पाठीचा कणा आणि घोड्याचा कणा एका रेषेत दिसतोय का? वाड्यावरच्या म्हाताऱ्या बाया लांबूनच म्हणतात, 'डावीकडं झुकलंय बघ ते.' तीच नजर इथं लागते.

दुसरी ठेव म्हणजे ओळखी. ज्यांच्या रानात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं खताला बसवली, त्यांच्याच बांधावरून उद्या पाहुणे न्यायचे आहेत. शहरातून येऊन हा धंदा मांडणाऱ्याला ती वाट पैसे मोजूनही मिळत नाही. पण मिळते म्हणून गृहीत धरू नका. हंगामाच्या आधी एकेका मालकाला भेटा, चहा घ्या, विचारा: ज्वारी कुठवर पेरलीय, ठिबकच्या नळ्या कुठं अंथरल्यात, रानडुकरांसाठी झटका मशीनची तार कुठं ओढलीय. त्या तारेला घोड्याचं नाक लागलं की पुढचं आपल्या हातात राहत नाही.

सोडून द्यायचंही बरंच आहे. हाळी, शिट्टी, काठी, मागून हाकणं हे सगळं मेंढरापुरतं. वाड्यात घोडं पुढच्या पायांना पायबंद घालून मोकळं सोडायचं आणि सकाळी दोघातिघांनी पळून धरायचं, हेही पाहुण्यासमोर चालत नाही. माणूस जवळ आला की मान फिरवून लांब जाणारं जनावर आधी हाताला लावा. मूठभर भरडा घेऊन जायचं, खायला घालायचं, आणि न धरता परत यायचं. आठवडाभरात ते आपणहून समोर येतं.

घोडा निवडताना

अकलूजचा घोडेबाजार दिवाळीच्या आगेमागे भरतो. त्यानंतर सारंगखेडा दत्तजयंतीला, आणि नांदेडकडं माळेगावची खंडोबाची यात्रा. मारवाडी, काठेवाडी, सिंधी, सगळा माल बघायला मिळतो. पण बाजारात जिच्याभोवती सगळ्यात जास्त मोबाईल वर झालेले असतात, ती घोडी आपल्या कामाची नाही. ताठ मान, एकमेकांना टेकलेले कान, जमिनीवर न ठरणारे पाय. बघून डोळे निवतात, घरी आणू नये. आपल्याला पाहिजे ती कोपऱ्यात एक मागचा पाय ढिला सोडून, खालचा ओठ लोंबवून उभी असलेली. जत्रेतल्या गोंगाटात जिला झोप येते, तिच्यावर माणूस बसवता येतो.

इथं एक पैसे वाचवायची गोष्ट सांगतो. आपल्याकडं घोड्याचा भाव भोवऱ्यांवर, म्हणजे अंगावरच्या केसांच्या चक्रांवर ठरतो. गळ्याशी देवमण, म्हणजे शुभ मानलेला भोवरा असेल, चारी पाय आणि तोंड पांढरं, म्हणजे पंचकल्याणी असेल, तर मालक म्हणेल ती किंमत. भोवरा नको त्या जागी निघाला की तेच जनावर 'खोडीचं' ठरतं आणि गिऱ्हाईक हात लावत नाही. मी असली जनावरं हुडकत फिरतो. भोवऱ्याचा आणि स्वभावाचा संबंध मला तरी कधी दिसला नाही, आणि पाहुणा भोवरे बघायला येत नाही. माझ्या आईला हे अजून पटलेलं नाही, ती खोडीच्या घोडीला आधी लिंबू उतरवते. उतरवू दे.

वय दातांवरून बघाच, सांगणाऱ्यावर जाऊ नका. अडीच वर्षांच्या सुमाराला पुढचे मधले दूधदात पडून कायमचे येतात, साडेतीनला त्यांच्या शेजारचे, साडेचारला कोपऱ्यातले. पाचव्या वर्षी तोंड पुरं होतं. नवख्या माणसाखाली घालायला सात-आठच्या पुढचंच जनावर घ्या. चौदा-पंधराची, सांधे धड असलेली घोडी मला पाच वर्षांच्या उमद्या घोड्यापेक्षा जास्त कमावून देते.

आता परीक्षा. विकणारा घोडा पळवून दाखवेल, मागच्या पायावर उभा करून दाखवेल, खाटेवर चढवेल. त्याला म्हणायचं, 'पाव्हणं, नुसता उभा करून दाखवा.' रिकिबीत, म्हणजे खोगिराला लोंबणाऱ्या पायकडीत, पाय घाला आणि पुरतं न चढता अर्धवट लोंबकळा. उतरा. पुन्हा तसंच. मग उजव्या बाजूनं करा, जिकडून कुणी कधी चढलेलं नसतं. बरेचसे घोडे माणसाचा पाय रिकिबीत पडला की चालायला लागतात, कारण आपल्याकडं तसंच शिकवलेलं असतं. त्यात सुधारणा करता येते. पण घोडा दात दाखवत मागं वळला किंवा कंबर उचलायला लागला तर पुढच्या दावणीकडं चला. नंतर प्लास्टिकची पिशवी खडखडवा, छत्री उघडा, मागून मोटारसायकल रेस करायला लावा. दचकणं चालेल. दचकून दोन पावलांवर थांबतो की बेभान होतो, ते बघायचं.

आणि हलगी. हे सोलापूरकडच्या माणसानं विसरूच नये. आपल्याकडं वरातीचे घोडे हलगीच्या ठेक्यावर नाचायला शिकवलेले असतात, आणि लग्नसराई संपली की तेच घोडे स्वस्तात विकायला निघतात. आमच्या भागातल्या एकानं असाच पांढराशुभ्र घोडा रपेटीला लावला. वर बसलेले पाहुणे बँकेतले, सोलापूरहून आलेले, शांत गृहस्थ. गावाच्या वेशीवर समोरून वरात आली. हलगी कडाडली तशी घोड्यानं मान आत घेतली, आणि एकेक पाय छातीपर्यंत उचलून जागच्या जागी ठेका धरला. साहेबांनी दोन्ही हातांनी अयाळ धरलेली, चष्मा ओठावर आलेला. त्यांना उतरवायचं सोडून वरातीतल्यांनी त्यांच्यावरून दहाच्या नोटा ओवाळल्या. पडले नाहीत, हे नशीब. वरातीचा घोडा घ्यायचाच असेल तर हलगी वाजत असताना त्याला उभं राहायला शिकवायला वर्ष जातं, ते किमतीत धरा.

पळण्यात तरबेज घोडाही असाच फसवा. अमेरिकेत गुराख्यांच्या घोड्यांचं हेच आहे. कळपातून एक गाय वेगळी काढायला शिकवलेला घोडा गाय जिकडं वळेल तिकडं स्वारानं न सांगता झटक्यात वळतो, आणि वर नवखा असला तर तो हवेत राहतो. तिकडं १८७४ नंतर काटेरी तारेची कुंपणं पसरली, १८८६-८७ च्या हिवाळ्यात गुरं थंडीनं पटापट मेली, मोकळ्या कुरणांवरचा धंदा बसला. त्याच दशकात डाकोटातल्या ईटन बंधूंनी घरी येणाऱ्या शहरी पाहुण्यांकडून राहण्याचे पैसे घ्यायला सुरुवात केली; पुढं १९०४ मध्ये ते वायोमिंगला गेले. तिथल्या गुराख्यानं पाहुणे फिरवायला घेतले तेव्हा कामाचे घोडे वेगळे आणि पाहुण्यांचे वेगळे ठेवावे लागले. आपणही ठेवायचे. स्वतःच्या मांडीखाली चपळ घोडा ठेवा, कारण कुणाचा घोडा उधळला तर गाठायचा तुम्हालाच आहे. पाहुण्याखाली मात्र सुस्त.

नर घोड्याचा सोस आपल्याकडं फार. रपेटीच्या तांड्यात तो नको. माजावर आलेली एक घोडी वाऱ्याच्या दिशेला असली की त्याला वर माणूस आहे हेही आठवत नाही. घोड्या आणि खच्ची केलेले घोडे, एवढ्यावरच तांडा बांधा. लहान मुलांसाठी आपलं वाड्यातलं तट्टूच बेस्ट. भीमथडी म्हणतात ती हीच जात, भीमेच्या खोऱ्याची, खुरानं टणक, पोटानं काटक. राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडं तिची आता स्वतंत्र जात म्हणून नोंद आहे. पाहुण्यांना हे सांगितलं की बुटक्या तट्टूवर बसायला मोठी माणसंही भांडतात.

हंगामाआधीचे महिने

पावसाळा हा शिकवण्याचा काळ. घोड्याला तीनच गोष्टी यायला पाहिजेत: चढता-उतरताना दगडासारखं उभं राहणं, पुढच्याच्या मागं एका घोड्याचं अंतर ठेवून चालणं, आणि पुढचा पळाला तरी न पळणं. तिसरी सगळ्यात अवघड. त्यासाठी दोघं लागतात. एकानं पुढं दुडकी मारत जायचं, दुसऱ्यानं मागच्या घोड्याला जागेवर ठेवायचं, आणि तो उभा राहिला की पुढच्यानं परत येऊन त्याला चारा द्यायचा. आज दहा पावलं, महिन्यानं पुढचा घोडा नजरेआड.

हे जमलं की घरातला सगळ्यात बेढब बसणारा माणूस वर चढवा. आमच्याकडं थोरले चुलते आहेत, आयुष्यभर मेंढरामागं चालत गेलेले, घोड्यावर बसले की पोत्यासारखे डुलतात आणि मोठ्यानं खोकतात. त्यांच्याखाली जी घोडी शांत चालली, तीच पाहुण्याखाली जाते.

वजन आणि तंग

घोड्यावर खोगिरासकट त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. साडेतीनशे किलोची घोडी धरली तर सत्तर किलो, त्यात खोगीर-सामानाचे दहा गेले की माणूस साठचा. आपल्याकडच्या पाहुण्यांकडं बघता हे गणित कडू आहे, पण तेच खरं. ओझ्याच्या जनावरांसाठी केंद्राचे १९६५ चे नियम आहेत, त्यातही तट्टूच्या पाठीवरच्या ओझ्याला ७० किलोची मर्यादा आहे. जनावराकडून दिवसात नऊ तासांच्या वर आणि सलग पाच तासांच्या वर काम घ्यायचं नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर गेला की दुपारी बारा ते तीन घ्यायचंच नाही, हेही त्यातच आहे. आपल्या सोलापुरात उन्हाळाभर हाच नियम लागू पडतो.

भरदार माणसाला नाही म्हणायचं कसं? समोर आल्यावर म्हणू नका, बायकापोरांसमोर त्याचा अपमान होतो. बुकिंगच्या फोनवरच सगळ्यांची वजनं विचारा, 'घोडा ठरवायला लागतात' म्हणून. आणि तांड्याच्या मागं एक बैलगाडी ठेवा. पाण्याचे कॅन, कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, आणि ज्यांना घोडा झेपत नाही किंवा जे घोड्याला झेपत नाहीत ते गाडीत. आमच्याकडं गाडीतली जागा हळूहळू घोड्याइतकीच मागायला लागलेत, कारण भाकरी तिथं असते.

तंग म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा. तो कसताना घोडी पोट फुगवते. तुम्हाला हे माहीत आहे, पाहुण्याला नाही. कसलेला तंग दहा मिनिटं चालल्यावर दोन बोटं ढिला झालेला असतो. म्हणून पहिल्या बाभळीपाशी सगळा तांडा थांबवायचा आणि एकेका घोडीचा तंग पुन्हा बघायचा. कोपराच्या मागं हात घालून, कातडीची घडी चिमटत नाही ना हे बोटांनी चाचपून. उशीर होतोय म्हणून हा थांबा कधी टाळू नका. टोपी म्हणजे घोडेस्वारीचं हेल्मेट प्रत्येकाला, पुढारी आले तरी. पायात टाच असलेला बूट; चप्पल, सँडल नाही. नुसता सपाट तळ रिकिबीतून आरपार जातो आणि माणूस पडला तर फरफटत जातो.

पाहुणा

माणूस ओळखायची जागा म्हणजे गाडीतून उतरून दावणीपर्यंतची पन्नास पावलं. तेवढ्या वेळात बोलू नका, बघा. कोण सरळ घोडीच्या तोंडाशी जाऊन सेल्फी काढतोय, कोण बायकोच्या मागं उभा आहे, कोण मुलाला 'काही होत नाही रे' म्हणत स्वतःच घाम पुसतोय. ज्याला भीती वाटते आणि जो ती लपवत नाही, त्याची काळजी कमी. भीती लपवणारा पुढं अडचण करतो.

प्रत्येक तांड्यात एक तरी जण म्हणतो, 'मला येतं.' त्याला दोन प्रश्न विचारा. शेवटचं कधी बसला होतात? आणि कधी पडलात का? खरं येणारा माणूस पडल्याच्या गोष्टी हसत सांगतो. बाकीचे वेगाच्या गोष्टी सांगतात. वेगाच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी सगळ्यात म्हातारी घोडी देतो आणि शेवटून दुसरा ठेवतो, त्याच्या मागं आपला माणूस. घाबरलेल्याला माझ्या लगेच मागं, म्हणजे मी मान वळवली की तो दिसतो आणि त्याला माझी पाठ दिसते. पाठ हलत नाही हे बघूनच माणूस निम्मा शांत होतो.

शिकवणी दहा मिनिटांत आटपा. जास्त सांगितलं की काहीच राहत नाही. मी सांगतो ते असं: 'दादा, लगाम म्हणजे एसटीतला दांडा नव्हे, त्याला लोंबकळायचं नाही. हाताला गुंडाळायचा तर मुळीच नाही. टाच खाली, नजर पुढं. भीती वाटली की गुडघे वर घ्यावेसे वाटतील आणि पुढं वाकावंसं वाटेल. तसं केलं की घोड्याला वाटतं पळायचंय. तेव्हा उलट करायचं, मागं रेलायचं, एकच लगाम ओढून त्याला गोल फिरवायचं. आणि मला हाक मारायची, लाजायचं नाही.' मग प्रत्येकाला एकदा गोल फिरवून आणि थांबवून दाखवायला लावायचं. ओढणी कमरेला बांधलेली, मोबाईल बंद खिशात. फोटो मी ठरलेल्या जागी, घोडे उभे करून स्वतः काढतो. ते आधीच सांगितलं की कुणी मधेच खिशात हात घालत नाही. दारूचा वास आला तर पैसे परत, चर्चा नाही.

तांड्याचा वेग सगळ्यात भित्र्या माणसाचा. मेंढरांतही लंगडं कोकरू बघूनच वाट ठरवायची असते, पण तिथं ते उचलून खांद्यावर घेता येतं. इथं वाटेत कुणीतरी म्हणणारच, 'मामा, जरा पळवू का?' एक पळाला की सगळे पळतात, घोड्याचा तो स्वभावच. म्हणून ठाम नाही. हौस असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी बंद रिंगणात त्याला एकट्याला दुडकी शिकवा, वेगळे पैसे घ्या.

बोलायचं काय, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. गाईडकी म्हणून तोंडाला येईल ते सांगू नका. माचणूरला भीमेच्या काठावर सिद्धेश्वराचं देऊळ आहे, बाजूला किल्ल्याच्या भिंती आहेत, आणि १६९५ ते १६९९ औरंगजेबाची छावणी या ब्रह्मपुरीला होती. एवढं सांगून गप्प बसलं तरी माणूस नदीकडं बघत राहतो. लांबची रपेट मागणाऱ्यांना दक्षिण सोलापुरात हत्तरसंग कुडल, भीमा-सीनेचा संगम, शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आणि ३५९ मुखं कोरलेलं शिवलिंग. पण पाहुणे सगळ्यात जास्त विचारतात ते आपल्याबद्दल: वाघूर कशी लावता, रात्री लांडगा येतो का, लहान मुलं घोड्यावरून कशी पडत नाहीत. याची उत्तरं कुठल्या पुस्तकात नाहीत, आणि ती द्यायला आपल्याला लाजही वाटते. ती सोडा. खांद्यावरचं घोंगडं शोभेला म्हणून घेऊ नका, थंडी असेल तर घ्या.

वाट

आदल्या दिवशी वाट स्वतः चालून बघायची. कालची वाट आज तीच नसते. भीमेचा उतार, म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा, काल गुडघाभर असला तरी उजनी धरणातून नदीला पाणी सोडलं की रात्रीत छातीभर होतो. सोलापूर शहराच्या पिण्यासाठी आणि खालच्या बंधाऱ्यांसाठी ते अधूनमधून सुटतं. नदीकाठच्या मोटारवाल्या शेतकऱ्यांना आधी कळतं, कारण त्यांना मोटारी वर ओढाव्या लागतात. त्यांतल्या दोघातिघांचे नंबर ठेवा. वाळू उपसलेल्या भागात तर पाणी कमी असलं तरी घोडा घालायचा नाही. वरून सपाट दिसतं आणि खाली डोह असतो.

गाळप हंगामात उसाच्या जोड-ट्रॉल्या हमरस्त्यावर असतात, टेपवर गाणी मोठ्यानं, मागची ट्रॉली झुलत. पक्का रस्ता ओलांडायचाच असेल तर सगळे घोडे एका दमात, एकामागं एक नाही. नाहीतर मधे ट्रॉली आली की अलीकडचा पलीकडच्याकडं धावतो. काळ्या रानात पाऊस पडून गेला की दोन दिवस जाऊ नका, खुराला चिखलाचे गोळे बसतात आणि पायाच्या नसा ताणतात. नान्नजच्या माळढोक अभयारण्याचा माळ घोड्यासाठी केलाय असं वाटतं, पण ती जागा पक्ष्यांची आहे. तिकडं घोडा न्यायचा विचारही नको.

हंगाम दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. सकाळी दिवस उगवताना निघायचं आणि दहाच्या आत परत. हुरड्याचे दिवस सर्वांत चांगले. मंगळवेढ्याच्या ज्वारीचा हुरडा, शेंगा, गूळ, आणि रानाचा मालकच पाहुण्यांना हुरडा भाजायच्या आगटीपाशी बसवतो. त्याचा हिस्सा त्याच दिवशी त्याच्या हातात द्या.

दवाखाना आणि कागद

हे थोडक्यात, कारण यात मत नसतं. उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, ताप ३८.५ अंश सेल्सियसच्या आत. रपेटीनंतर अर्ध्या तासात नाडी खाली आली नाही तर दुसऱ्या दिवशी त्या घोड्याला सुट्टी. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळं पोटशूळ उठला, लोळायला लागला, कुशीकडं वळून बघायला लागला की घरगुती काढे पाजत बसू नका, डॉक्टरला फोन. धनुर्वाताची लस चुकवू नका, घोड्याला तो माणसापेक्षा लवकर होतो. गोमाश्यांच्या दिवसांत अंगावर सूज, थांबून थांबून ताप दिसला तर सर्रा या गोमाश्यांनी पसरणाऱ्या रोगासाठी रक्त तपासा. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची तपासणी करून दाखला जवळ ठेवा. तो रोग माणसालाही होतो. नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी.

पर्यटन संचालनालयाच्या पुणे विभागीय कार्यालयात जाऊन आपला प्रकार २०२० च्या कृषी पर्यटन धोरणात बसतो की २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात, ते लेखी विचारा आणि त्याप्रमाणं नोंदणी करा. पाहुण्यांचा अपघात विमा, घोड्यांचा विमा, आणि तांड्यातल्या दोघांना तरी प्रथमोपचाराचं शिक्षण. जवळच्या दवाखान्यापर्यंत गाडीला किती मिनिटं लागतात, हे वाटेच्या प्रत्येक टप्प्यासाठी माहीत पाहिजे.

पैसा

दर ठरवताना शेजारच्याचा दर बघू नका, दावण बघा. घोड्याला दिवसाला त्याच्या वजनाच्या दोन टक्के कोरडा खुराक लागतो, म्हणजे साडेतीनशे किलोला सात किलो: कडब्याची कुट्टी, गवत, थोडा लसूणघास, वर दोन वेळची चंदी, म्हणजे दाणा. पाणी पंचवीस ते चाळीस लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. हा खर्च बारा महिने, कमाई चारच महिने. म्हणून वर्षाचा सगळा खर्च आधी मांडा, त्यात नालबंद, डॉक्टर, विमा, बैलगाडीवाला, रानमालक धरा, आणि तो हंगामातल्या खऱ्या भरणाऱ्या शनिवार-रविवारांवर वाटा. जो आकडा येईल तो ऐकून पहिल्यांदा तुमचीच जीभ अडखळेल. तरी तोच सांगा. कमी सांगितला की दुसऱ्या वर्षी चंदी कमी होते, तिसऱ्या वर्षी दिवसाला दोनऐवजी चार फेऱ्या होतात, आणि पाठी लागायला लागतात.

पहिल्या वर्षी तीन घोड्या आणि एक तट्टू पुरे. मेंढरं लगेच विकू नका. उन्हाळ्यात घोड्यांना वाड्याबरोबरच पाठवा, रिकाम्या पाठीनं. बुकिंगला निम्मी रक्कम आगाऊ घ्या. नदीला पाणी आलं, पाऊस झाला किंवा घोडी लंगडली म्हणून रपेट रद्द झाली तर सगळी परत करा. पाहुणा उशिरा आला तर मात्र तेवढी वाट कमी करा, उन्हात वाढवून देऊ नका, कितीही मोठ्या माणसाचा फोन आला तरी.